छावणीचे सामान

दिवाळीच्या सुट्टीनंतर भंडारा जिल्ह्यातील एका विज्ञानशिक्षकांचे मला पत्र आले. नववी-दहावीची २६ मुलेमुली आणि ४ शिक्षक, अशा ३० जणांनी तीन दिवस जंगलाच्या काठाने राहायचे, असा त्यांचा बेत होता. सोबत सामानाची यादी होती. दोन माणसांचे तंबू पंधरा, स्लीपिंग बॅगा, कपाळावर बांधायच्या विजेऱ्या, एक भलामोठा 'सर्व्हायव्हल' चाकू, चकमक, होकायंत्रे, नायलॉनचा दोर, घडीची फावडी. एकूण बावन्न जिनसा. खाली एकच प्रश्न होता : "यात काही राहिले आहे का?"

यादी वाचताना मला तीन माणसे आठवत होती. तिघेही विज्ञानाच्या कामासाठी फिरणारे, आणि तिघांचाही शेवट विदर्भात किंवा विदर्भातून निघालेल्या वाटेवर झाला. त्यांच्याजवळ सामानाची वाण नव्हती. त्यांची हकिकत सांगितली तर पत्राचे उत्तर त्यातच येईल असे वाटले, म्हणून हा लेख.

पहिले विल्यम लॅम्बटन. हिंगणघाटला त्यांची समाधी आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे त्यांनी सुमारे साडेसात मैलांची एक पायारेषा मोजली आणि तिथपासून त्रिकोणांची साखळी जोडत ते उत्तरेकडे सरकत राहिले. या कामाला पुढे 'ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे' असे नाव पडले. पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, हा त्यामागचा मूळ प्रश्न. भारताचा नकाशा हे त्याचे उपफळ म्हणावे लागेल, जरी कंपनी सरकारने पैसे दिले ते नकाशासाठी.

त्यांच्या सामानाची गोष्ट मुलांना सांगण्याजोगी आहे. पायारेषा मोजायची पोलादी साखळी शंभर फूट लांब, चाळीस दुव्यांची. ती मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून पाठवलेल्या वस्तूंपैकी. बादशहाने ती घेतली नाही, आणि फिरत फिरत ती कलकत्त्याला पोचून लॅम्बटनच्या हाती आली. कोन मोजायचा मोठा थिओडोलाइट लंडनहून येत असताना फ्रेंचांनी जहाजच पकडले. यंत्र मॉरिशसला उतरले आणि नंतर फ्रेंचांनीच सन्मानाने पाठवून दिले. त्याचे वजन अर्धा टन. १८०८ साली तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटले आणि त्याची मुख्य चकती वाकडी झाली. लॅम्बटन त्यानंतर तंबूत बसून, रोज थोडे थोडे ओढून-ठोकून, आठवडेच्या आठवडे ते सरळ करत राहिले. आपल्याकडचे सामान आपल्याला दुरुस्त करता आले पाहिजे, हे त्यांच्याइतके कोणी पटवून दिले नसेल.

असे हे गृहस्थ वीस वर्षे तंबूत राहिले. जानेवारी १८२३ मध्ये, सत्तरीच्या आसपासचे असताना, हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाटच्या मुक्कामी ते वारले. छातीचा आजार बराच काळ होता. त्यांच्या मृत्यूतून छावणीबद्दल फारसे शिकण्यासारखे नाही. म्हातारा माणूस कामावर असताना गेला, एवढेच. शिकण्यासारखे आहे ते त्याआधी चार वर्षे घडलेले.

१८१९ मध्ये लॅम्बटनने आपल्या तरुण मदतनिसाला, जॉर्ज एव्हरेस्टला, कृष्णा आणि गोदावरीच्या मधल्या जंगलात पाठवले. दिवस पावसाळ्याचे होते. आता कोणी शहाणा माणूस पावसाळ्यात तेलंगणाच्या जंगलात तुकडी का पाठवील? कारण यंत्र. वीस-तीस मैलांवरच्या टेकडीवरचे निशाण दुर्बिणीतून स्वच्छ दिसायचे तर हवेत धूळ नको, आणि तापलेल्या जमिनीवरून उठणारी थरथरही नको. पाऊस पडून गेल्यावरची हवा अशी धुतल्यासारखी असते. म्हणजे यंत्राला हवा होता तोच हंगाम माणसांना सर्वांत वाईट होता. जंगलातील तापाने जवळजवळ सगळी तुकडी आडवी झाली. एव्हरेस्टलाही ताप आला. माणसे हैदराबादला वाहून आणावी लागली आणि काही वाटेत दगावली.

तो ताप म्हणजे मलेरिया असावा. तेव्हा समज असा की तो दलदलीच्या वाईट हवेने येतो. मलेरिया या नावाचा अर्थच वाईट हवा. त्या समजामुळे छावणी उंच आणि मोकळ्या जागी, साचल्या पाण्यापासून दूर ठोकावी असा नियम रूढ झाला. कारण चुकीचे होते, पण नियम बऱ्याच अंशी बरोबर निघाला. डास साचल्या पाण्यात वाढतो आणि वाऱ्यात त्याला नीट उडता येत नाही. ज्या हैदराबादला एव्हरेस्टची आजारी माणसे नेली त्याच्याच शेजारी, सिकंदराबादला, २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. मधली ७८ वर्षे लोक योग्य जागी तंबू ठोकत होते आणि मच्छरदाणी मात्र केवळ गुणगुण नको म्हणून लावत होते. वर्गात चर्चेला घेण्याजोगा हा मासला आहे : चुकीच्या उपपत्तीतून बरोबर आचरण निघते का, आणि किती काळ टिकते?

एव्हरेस्टने पुढे काय केले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. त्याने रात्री दिवे लावून निरीक्षणे घ्यायला सुरुवात केली. कोरड्या हंगामात दिवसा हवा थरथरते, पण रात्री जमीन निवल्यावर ती स्थिर होते. शिवाय थंड हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो आणि दिवसा क्षितिजाआड दडलेले ठिकाण रात्री वर उचलल्यासारखे दिसते. परावर्तक बसवलेला दिवा आणि दिवसासाठी हेलिओट्रोप, म्हणजे सूर्याचा कवडसा दूरवर फेकणारा आरसा, या दोन साधनांमुळे मोजणीचा हंगाम पावसाळ्यातून काढून हिवाळ्याकडे नेता आला. एका दिव्याने जितकी माणसे वाचवली असतील तितकी त्या काळच्या औषधांच्या पेटीने वाचवली नसावीत. वाईट हंगामात तग धरायला लावणाऱ्या साधनापेक्षा चांगला हंगाम निवडू देणारे साधन मी केव्हाही पसंत करीन.

दुसरे हेन्री व्हॉइसी. लॅम्बटनच्या मोजणीबरोबर नेमलेले हे डॉक्टर, आणि त्यांना खडकांचा नाद. भारतात पद्धतशीर भूशास्त्रीय टिपणे करणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांची गणना होते. गाविलगडच्या डोंगरात काळ्या पाषाणाच्या थरांमध्ये शंख सापडतात हे त्यांनी नोंदवले. ज्वालामुखीच्या खडकात शंख ही त्या काळी चक्रावून टाकणारी गोष्ट होती. एप्रिल १८२४ मध्ये नागपूरहून कलकत्त्याला जाताना तापाने त्यांचे वाटेतच निधन झाले. तंबूतल्या माणसांना तपासणारा डॉक्टरच तापाने गेला. महिना पाहावा. एप्रिलमध्ये आपल्याकडे शहाणी छावणी गुंडाळलेली असते.

तिसरे स्टीफन हिस्लॉप, आणि माझा खरा विषय तेच आहेत.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव विदर्भात सर्वांना ठाऊक आहे. हा स्कॉटिश मिशनरी १८४५ च्या सुरुवातीला नागपूरला आला, मराठी शिकला, शाळा काढल्या. हिवाळ्यात तो बैलगाडी आणि तंबू घेऊन गावोगाव दौरे करी. हेतू धर्मप्रसाराचा, पण खिशात हातोडी. १८५१ च्या पावसाळ्यात, सहकारी रॉबर्ट हंटरबरोबर नागपूरजवळच्या टाकळीकडे फिरायला गेला असताना त्याला खडकात गोड्या पाण्यातील गोगलगाईचे कवच दिसले. त्याच वर्षी कलकत्त्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते सुरू झाले होते. या दोघांना त्याची गरज पडली नाही. त्यांनी नागपूर आणि आसपासचा मुलूख पायाखाली घातला, शंख, बिया, फळे, माशांचे खवले, कीटकांचे पंख गोळा केले आणि १८५४ मध्ये नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीला सादर केला. लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या काळात इथे तळी होती, त्यांत जीवसृष्टी होती, हे चित्र बऱ्याच अंशी त्यांनी उभे केले. आज आपण त्या थरांचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे धरतो, म्हणजे डायनोसॉर नाहीसे झाले त्याच्या आगेमागे. हिस्लॉपने गोंडांची भाषा आणि त्यांच्या कथाही टिपून ठेवल्या होत्या.

आता ४ सप्टेंबर १८६३. मध्य प्रांताचे प्रमुख अधिकारी रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट येथे गेले. आजच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीजवळचे हे गाव. तिथे जमिनीवर मोठमोठ्या धोंड्यांची वर्तुळे आहेत. ती प्राचीन दफने आहेत हे पुढे उत्खननांतून सिद्ध झाले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा येथे खणून लोहयुगीन महाश्मसंस्कृतीचे अवशेष उजेडात आणले. हिस्लॉप ती पाहायला गेले तेव्हा हे सर्व कुतूहलाच्या अवस्थेत होते.

दिवस पाहण्यात गेला. परतताना हिस्लॉप मागे राहून एकटे पडले. अंधार झाला होता आणि मुक्काम बोरीला होता. वाटेत एक ओढा, आणि सप्टेंबरचा पाऊस. फुगलेल्या पाण्यात घोडा घालून पलीकडे जाताना ते बुडाले. सेहेचाळीसावे वर्ष पुरे व्हायला चार दिवस राहिले होते. त्यांची गोंडांविषयीची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. जी टिपणे झालीच नव्हती ती अर्थात त्यांच्याबरोबर गेली.

मी अनेकदा विचार केला आहे की त्यांच्याजवळ काय असते तर ते वाचले असते. कंदील? दोर? अधिक चांगला घोडा? अठरा वर्षे ज्याने हा मुलूख तुडवला त्याला नाला म्हणजे काय हे सांगायला नको होते. गणिताने पाहू. गुडघ्याच्या वर, अर्धा मीटर खोल पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल तर उभ्या माणसाच्या दोन्ही पायांवर मिळून सात-आठ किलो वजनाइतका जोर येतो. तो सोसवतो. वेग सेकंदाला दोन मीटर झाला की जोर दुप्पट न होता चौपट होतो, म्हणजे तीस किलोच्या घरात जातो. त्याच वेळी पाणी माणसाला वर उचलत असते, त्यामुळे तळाशी पायाची पकड कमी होते. माणूस उभा राहू शकतो की नाही हे अशा थोड्याशा फरकावर ठरते, आणि अंधारात वेगही दिसत नाही आणि खोलीही दिसत नाही. पाऊस आपल्या डोक्यावर पडला पाहिजे असेही नाही. तो दहा मैल वर पडला तरी पाणी आपल्या वाटेवर येते.

हिस्लॉपना वाचवू शकल्या असत्या अशा गोष्टी माझ्या मते दोनच. एक, संध्याकाळी टाकळघाटलाच राहण्याची तयारी. दुसरी, पुढे गेलेल्यांनी मागे वळून माणसे मोजणे. दोन्हींना वजन नसते, म्हणून त्या कुठल्या यादीत सापडत नाहीत.

तुमसरची बांधी

भंडारा जिल्ह्याकडे वळतो. या जिल्ह्याच्या उत्तरेला, तुमसर तालुक्यात चिखला, सीतासावंगी, डोंगरी बुजुर्ग ही मँगनीजच्या खाणींची गावे आहेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा लुई फर्मोर हा १९०२ मध्ये भारतात आला आणि त्याने हे सगळे साठे हिंडून पाहिले. १९०९ मध्ये निघालेला त्याचा भारतातील मँगनीजवरचा ग्रंथ हजाराहून अधिक पानांचा आहे. या भागातील एका विशिष्ट खडकाला, ज्यात मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ असतात, त्याने 'गोंडाइट' हे नाव दिले. गोंडांचे नाव अशा रीतीने जगभरच्या खडकशास्त्राच्या पुस्तकांत गेले.

फर्मोरच्या काळापर्यंत 'फील्ड सीझन' ठरून गेला होता : दिवाळीच्या सुमारास निघायचे, उन्हे तापली की परतायचे. दुहेरी छताचा तंबू, घडीची खाट, बैलगाड्या, खानसामा, शिपाई. हातोडी, भिंग, नतिमापक आणि नकाशा. आणि हा नकाशा लॅम्बटनच्या साखळीच्या आधारावर उभा होता. आजही सर्व्हे ऑफ इंडियाचा जुन्या पद्धतीचा '५५ ओ' क्रमांकाचा नकाशा उघडला की तुमसर, भंडारा त्यात सापडतात, आणि अक्षांश-रेखांशाच्या त्या रेघांचा इतिहास हिंगणघाटच्या समाधीवरून जातो.

मीही विद्यार्थी असताना याच तालुक्यात दोन हंगाम काढले. त्यातला एक प्रसंग सांगायला मला आजही थोडे ओशाळवाणे वाटते. जानेवारीचा महिना, धान निघालेले. तंबू ठोकायला सपाट जागा हवी होती आणि गावाबाहेर चारी बाजूंनी सपाटच सपाट शेते. आम्ही चौघांनी दोन तंबू उभे केले, सभोवती चर खणला आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे सर्व केले म्हणून समाधानाने झोपलो. मध्यरात्री अवकाळी पाऊस आला. तासाभरात तंबूत घोट्याएवढे पाणी. खडकांच्या नमुन्यांच्या पिशव्यांवरची शाईची नावे वाहून गेली, म्हणजे पंधरा दिवसांचे काम गेले. सकाळी शेताचे मालक आले. आमच्याकडे आणि तंबूंकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "बांधी आहे जी हे सर. पाणी धराले तं केली आहे."

भूशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या चौघांपैकी एकालाही हे सुचले नव्हते. चारी बाजूंनी धुरे घालून, तळ चोपून, पावसाचा थेंब बाहेर जाऊ नये अशी जी जागा पिढ्यान्‌पिढ्या घडवली गेली, तिच्या मधोमध आम्ही तंबू ठोकला होता. धान निघाल्यावर त्याच ओलीवर लाखोळी पिकते, हे आम्ही रोज जेवताना ऐकत होतो. ऐकले आणि कळले यात अंतर असते.

या जिल्ह्यातील माणसांना पाण्याची वाट कळते, याचा पुरावा जिल्हाभर पसरलेला आहे. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव, ज्यांना मालगुजारी संपल्यापासून 'मामा तलाव' म्हणतात, ते पाहावेत. कोहळ्यांना चांद्याच्या गोंड राजाने काशीकडून आणले अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, थिओडोलाइटशिवाय उतार ओळखून, दोन टेकड्यांच्या मधल्या नेमक्या जागी पाळ घालणारे हे लोक उत्तम मोजणीदार होते यात शंका नाही. मुक्कामाची जागा ठरवताना होकायंत्रापेक्षा अशा घरातला एखादा म्हातारा बरोबर असावा. त्याला विचारावे : इथे पाणी कुठून येते, आणि कुठे जाते?

पत्राचे उत्तर

मग मी शिक्षकांना उत्तर लिहायला बसलो आणि पहिल्याच गणितात अडखळलो. पिणे, स्वयंपाक आणि हातपाय धुणे यांसाठी काटकसरीने माणशी रोज ५ लिटर पाणी धरले, तर ३० माणसांना दिवसाला १५० लिटर. तीन दिवसांचे ४५० लिटर, म्हणजे ४५० किलो. लॅम्बटनचा थिओडोलाइट जवळपास एवढाच होता! बावन्न जिनसांच्या यादीत पाण्याच्या फक्त ३० बाटल्या होत्या. तेव्हा मुक्काम विहीर किंवा हातपंप असलेल्या गावाच्या कडेला हवा. पाणी उकळायचे. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्यायचे. आपल्या जंगलात निवळीचे झाड असते, त्याचे बी भांड्याला आतून घासले तरी गढूळपणा खाली बसतो. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवावा. विद्युतभारित कणांचे एकमेकांना चिकटणे समजावायला याहून चांगले उदाहरण नाही. मात्र निवळलेले पाणी निर्जंतुक नसते, ते उकळावेच लागते.

वन्यजिवांच्या तळ्याकाठी मुक्काम नको. रात्री तिथे पाणी प्यायला येणाऱ्यांचा हक्क आपल्याआधीचा आहे. आणि नागझिरा, कोका किंवा उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याच्या हद्दीत मनाला येईल तिथे राहणे, सरपण गोळा करणे हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चालत नाही. वनखात्याची लेखी परवानगी पहिल्यांदा घ्यावी आणि चुलीऐवजी गॅस न्यावा. भंडाऱ्याची पितळी भांडी प्रसिद्ध, पण वजनाला ती ॲल्युमिनियमच्या तिप्पट, आणि कल्हई उडालेल्या पितळेत आंबट वरण शिजवले तर तांबे उतरते. स्टीलचे मोठे पातेले गावातल्या लग्नघरातून भाड्याने मिळते.

पंधरा तंबू मी खोडले. मुले तंबूत राहिली पाहिजेत हा हट्ट समजू शकतो, पण गावच्या शाळेची पडवी आणि एक मोठी ताडपत्री यांवर काम भागते. जुन्या सुती कॅनव्हासची गंमत मात्र वर्गात सांगावी. तो भिजला की धागे फुगतात, छिद्रे बुजतात आणि पाणी थांबते. आतून बोट लावले की मात्र तिथूनच गळू लागतो. तंबूवाल्या साहेबांचा खानसामा "हात नका लावू" असे का ओरडत असेल ते मुलांनाच शोधू द्यावे.

मच्छरदाण्या मात्र वाढवल्या, दोघांत एक. त्याचे कारण डासांपुरते नाही. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि चावा इतका बारीक असतो की पुष्कळदा कळतही नाही. सकाळी पोट दुखते, पापण्या जड होतात, तोवर उशीर झालेला असतो. अंथरुणाखाली चारी बाजूंनी नीट खोचलेली मच्छरदाणी हे मण्यारीवरचे सर्वांत स्वस्त साधन. गावात बाज मिळाली तर त्याहून बरे. यादीतला तो मोठा चाकू साप चावल्यावर जखम चिरण्यासाठी असेल अशी मला शंका आली. तसे मुळीच करू नये. हातपाय स्थिर ठेवून माणसाला दवाखान्यात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारींच्या विषावर चालणारी लस उपलब्ध आहे. ती सर्वांत जवळ कोठे मिळते, रात्री तिथे डॉक्टर असतात का आणि गाडी कोणाची, हे निघण्याआधी विचारून कागदावर लिहून ठेवावे. तो कागद हीच औषधांची पेटी समजावी. आणि एक तारीखही लिहावी : शिबिरानंतर दहा-पंधरा दिवसांनी कोणाला थंडी वाजून ताप आला, तर डॉक्टरांना शिबिराबद्दल सांगायचे. मलेरियाचा परजीवी अंगात शिरल्यावर लगेच उठत नाही.

हंगाम त्यांनी मार्चचा धरला होता, परीक्षेआधीची सुट्टी म्हणून. मी डिसेंबर सुचवला. मार्चअखेर मोहफुले पडू लागतात, लोकही जंगलात असतात आणि अस्वलेही. दोघांची गाठ पडली की काय होते ते या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. डिसेंबरात रात्री थंडी असते, पण थंडीला दोन घोंगड्या पुरतात.

शेवटी नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशात ज्या नाल्यात बहुतेक वर्ष पाणी नसते तो काळ्या रेघेने आणि पाणी असते तो निळ्या रंगाने दाखवतात. निळ्याला सगळेच भितात. मी शिक्षकांना लिहिले की मुलांना मुक्कामाच्या जागेपासून शाळेपर्यंत जाणारी प्रत्येक वाट नकाशावर काढू द्या आणि ती किती काळ्या रेघा ओलांडते ते मोजू द्या. मग प्रत्येक रेघेसाठी एक प्रश्न : इथे पाणी आले तर आपण अलीकडे कुठे राहू? हिस्लॉपची गोष्टही त्यांना सांगा, ओढ्यापाशी उभे करून.

आठ दिवसांनी त्यांचे उत्तर आले. तारीख डिसेंबरची ठरली होती. नकाशावर मुलांना पाच काळ्या रेघा सापडल्या होत्या, सहावी एका मुलीने आजोबांना विचारून काढली, ती नकाशात नव्हती. मुलांच्या पाच गटांना एकेक मोजणीदार नेमला आहे आणि दर तासाला मोजणी होणार आहे. दोर ठेवला आहे. चाकूबद्दल मात्र मुले ऐकत नाहीत, तेव्हा तो भाजी चिरायला नेत आहोत, असे त्यांनी लिहिले होते.